चोवीस स्क्रूंवरचं पाणी

शनिवार, २ मार्च

डॉक्टरांनी ही वही दिली ती प्रेशरचे आकडे लिहायला. रोज सकाळी एक ओळ लिहायची, असं त्यांचं म्हणणं. पण एका ओळीत माणसाचं काय लिहून होतं? म्हणून उरलेल्या पानावर मी बाकीचं लिहितो. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा शुद्धलेखनाला कोणी हसू नये. आज १४८/९०. कारणही लिहून ठेवतो: काचेची टाकी.

आमचे चिरंजीव चष्म्याच्या दुकानात कामाला आहेत. दुकानासमोरचा दातांचा दवाखाना बंद झाला. पेशंट घाबरू नयेत म्हणून त्या डॉक्टरानं तिथं माशांची मोठी टाकी ठेवली होती. ती यांनी मागितली आणि त्यानं देऊन टाकली. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. चार माणसांनी जिन्यावरून चढवली तेव्हा मी डोळे मिटून उभा होतो. खालचा ओटा मात्र दवाखान्याच्या भिंतीतच बांधलेला होता, तो काही उचलून आणता येईना. म्हणजे टाकी आली आणि तिला पाय नाहीत.

हे सगळं आक्कासाठी. आक्का माझी थोरली बहीण, वय एक्याऐंशी. न्हाणीघरात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. तिला आमच्याशिवाय कोणी नाही. पंधरा दिवसांनी दवाखान्यातून सुटली की ती आमच्याकडे येणार आणि पुढचे दोन-तीन महिने हॉलमध्ये पलंगावर पडून असणार. नुसतं छताकडे बघत बसण्यापेक्षा समोर मासे फिरले तर तिचा जीव रमेल, ही चिरंजीवांची कल्पना. कल्पना चांगली आहे. मी तसं म्हटलंही. आणि कोणी विचारायच्या आत पुढचंही बोलून गेलो, की स्टँड मी करतो.

सूनबाईनं चिरंजीवांकडे पाहिलं, चिरंजीवांनी टाकीकडे पाहिलं.

मागच्या वर्षी दोनदा माझ्या हातून गॅस चालू राहिला. तेव्हापासून मला शेगडीला हात लावायची बंदी आहे. चहा हवा असला तर मागायचा. मी काही म्हणत नाही, चूक माझीच होती. पण माझ्या पलंगाखाली हत्यारांची पेटी आहे आणि हल्ली कोणी केर काढायला वाकलं की माझं लक्ष त्या पेटीकडे जातं.

शेवटी चिरंजीव म्हणाले, "करा बाबा. नाहीतर आयतं कुठे मिळतंय या मापाचं."

सोमवार, ४ मार्च

१४४/८८. वखारीत गेलो. तीन बाय तीन इंचांचे चार पाय, चार बाय दोन इंचांच्या आडव्या पट्ट्या, वर टाकायला जाड प्लाय. वखारवाला पोरगेलासा, म्हणाला, आजोबा, एवढं लाकूड घेऊन पूल बांधताय की काय. मी म्हटलं, पूल सोपा असतो, त्यावर पाणी नसतं, खाली असतं. तो हसला. मला मात्र परत येताना हसू येईना. पाणी किती मावेल ते मी विचारलंच नव्हतं.

चिरंजीवांनी फोनवर हिशेब करून सांगितलं, पाचशे लिटर. काच, वाळू धरून साडेसहाशे किलो.

मी चौतीस वर्षं कारखान्यात पॅकिंग खात्यात होतो. मशीन परगावी जायचं तर त्याला लाकडाची पेटी आम्ही करायचो. दोन-दोन टनांची मशीनं माझ्या पेट्यांतून आगबोटीत चढली आणि एकाचीही तक्रार आली नाही. साडेसहाशे किलो म्हणजे काहीच नाही. असं मी स्वतःला तीनदा सांगितलं.

शुक्रवार, ८ मार्च

रोज गच्चीवर काम चाललंय. हात थरथरतो, पण करवत धरली की थांबतो. हे डॉक्टरांना सांगणार नाही, नाहीतर तेही लिहून ठेवतील.

स्टँडची रचना इथे लिहून ठेवतो. चार कोपऱ्यांना चार पाय. ते टाकीच्या बुडाशी संपवायचे नाहीत, चार बोटं वर जाऊ द्यायचे, म्हणजे टाकी चारी पायांच्या कवेत बसेल आणि धक्का लागला तरी सरकणार नाही. पेटीत आम्ही मशीन असंच धरायचो. आडव्या पट्ट्या पायांना आतून जोडायच्या, त्यावर प्लाय, त्यावर टाकी. प्रत्येक जोडाला तीन स्क्रू, म्हणजे कोपऱ्याला सहा आणि एकूण चोवीस. तीन इंची, जाड. दुसऱ्यानं सोळावर भागवलं असतं.

मंगळवार, १२ मार्च

स्टँड झाला. दोन हात पॉलिश दिलं. खाली आणला, हॉलमध्ये लावला, गुण्या लावून पाहिला, लेव्हलचा बुडबुडा बरोबर मधोमध. मी स्वतः वर चढून उभा राहिलो, हललासुद्धा नाही. माझं वजन अठ्ठावन्न किलो आहे हे मला तेव्हा सुचलं नाही.

चिरंजीवांनी फोटो काढला आणि दुकानात सगळ्यांना पाठवला. खाली लिहिलं, 'बाबांनी केलं.' मी तो फोटो पाहायला मागितला. दोनदा मागितला.

सूनबाई रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर नळ्या, आकडे, चिठ्ठ्या. ती स्टँडभोवती एक फेरी मारून म्हणाली, छान झालंय. मग वाकून खालून पाहिलं. मग पुन्हा म्हणाली, छान झालंय. दोनदा कशाला म्हणाली कोण जाणे.

रविवार, १७ मार्च

१५०/९२. काल टाकी भरली. निम्मी भरल्यावर चिरंजीवांनी नळी थांबवून विचारलं, "बाबा, भरू ना?" मी म्हटलं, बेलाशक भर. काठाखाली दोन बोटं सोडून भरली. कुठे काही कुरकुरलं नाही. आज सात मासे आणले, सगळे सोनेरी, एकाचा फक्त कल्ला काळा.

आणि आज आक्का आली. चाकांचा पलंग भाड्यानं आणलाय, तो टाकीला खेटून लावला. तिचं डोकं काचेपासून हातभर. कान गेलेत, पण डोळे शाबूत आहेत. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "धाकट्या, हे तू केलंस?" मी मान हलवली. "उभं राहिलं म्हणायचं," म्हणाली.

आक्काचं कौतुक असंच असतं. आई गेल्यावर मला अक्षरं तिनंच शिकवली, एकेका अक्षराला एकेक टपली. ही वही लिहू शकतो ते तिच्यामुळे.

गुरुवार, २१ मार्च

आज वायसर आला होता. हा माझा जुना मित्र, जन्मभर नळदुरुस्ती केली. कसलंही गळकं दाखवा, हा आधी म्हणणार, वायसर गेलाय. म्हणून त्याचं नाव वायसर. आक्काला बघायला आला आणि बघत बसला स्टँडकडे. गुडघे धरून खाली बसला, बॅटरी मारली.

"पेटीवाले, एक विचारू का?"

मी म्हटलं, विचारायचं नाही म्हटलं तर थांबणार आहेस का.

"ही आडवी पट्टी कशावर टेकलीये?"

मी म्हटलं, पायाला जोडलीये, तीन स्क्रूंनी, दिसत नाही का.

"जोडलीये ते दिसतंय. टेकलीये कशावर?"

मी चहाचं निमित्त करून आत गेलो. आत जाऊन उभा राहिलो. चहा मला करता येत नाही, तेव्हा नुसताच उभा राहिलो.

तो गेल्यावर मी खाली वाकून पाहिलं. त्याचं खरं आहे. पट्टीच्या खाली काही नाही. पट्टी पायाच्या अंगाला चिकटलेली आहे आणि साडेसहाशे किलो त्या चोवीस स्क्रूंवर लटकलेलं आहे.

पेटीत वजन तळाला असतं. मशीन खालच्या ओंडक्यांना आवळलेलं असतं, बाजूच्या चौकटी नुसत्या राखणीला. त्यांच्यावर कधी भार येतच नाही. म्हणून आम्ही त्या अंगालाच ठोकायचो, आणि त्या कधी तुटल्या नाहीत. चौतीस वर्षं तुटल्या नाहीत, कारण त्यांना काही कामच नव्हतं. मी तीच बाजूची चौकट केली आणि तिच्यावर पाणी ठेवलं.

शुक्रवार, २२ मार्च

१६४/९६. सकाळी सगळे कामावर गेल्यावर पायांवर पेन्सिलीनं रेघा मारल्या, पट्टीच्या वरच्या कडेला लागून. पट्टी खाली उतरली तर रेघेखाली फट दिसेल. चारही कोपऱ्यांना मारल्या, शेजारी तारीख घातली.

वायसर उगाच बोलला असेल. त्याला लाकडातलं काय कळतं. स्क्रू तीन इंची आहेत.

संध्याकाळी पाहिलं. पुढचे दोन्ही बरोबर. मागचा उजवा बरोबर. मागचा डावा, नखाएवढं अंतर. कदाचित रेघच जाड मारली असेन.

शनिवार, २३ मार्च

मागचा डावा दोन नखं. आणि त्या पायावर खालच्या स्क्रूपासून केसासारखी चीर खाली निघालीये. पॉलिशची असेल असं वाटून नखानं खरवडून पाहिली. पॉलिशची नाही.

आक्का शेजारीच झोपली होती, तोंड उघडं. तिला उठून पळता येणार नाही. तिला कूस बदलायला दोन माणसं लागतात.

सांगायला हवं. पण सांगितलं की काय होईल ते मला दिसतं. चिरंजीव ओरडणार नाहीत. ते नुसते माझ्या खोलीत येतील, पलंगाखालची पेटी ओढतील आणि माळ्यावर टाकतील. म्हणतील, बाबा, आता पुरे. मग मी दिवसभर काय करायचं? आक्का छताकडे बघेल, मी तिच्याकडे.

उद्या रविवार, सगळे घरी. सोमवारी काही युक्ती करीन.

सोमवार, २५ मार्च

सूनबाईनं काल अचानक आक्काचा पलंग हलवला, थेट समोरच्या भिंतीला. म्हणे इथे ऊन येतं तोंडावर. मी म्हटलं, ऊन तर दहा मिनिटं येतं. ती म्हणाली, दहा मिनिटं म्हणजे काय कमी झाली. आक्का कुरकुरली, तिकडून मासे मुंगीएवढे दिसतात. बायकांना घरातलं सामान एका जागी सुखानं राहू देववत नाही.

मला मात्र बरं वाटलं. नशिबानं झालं. तरी लिहून ठेवतो, की हॉल बारा फुटांचा आहे, आणि काच फुटली तर बारा फूट काही लांब नाहीत. शिवाय फरशी पुसायला सूनबाई रोज खाली वाकते.

दुसरी काळजी: पाणी कमी झालंय. काठाखाली दोन बोटं होतं, आता चार आहे. म्हणजे गळती.

मंगळवार, २६ मार्च

१७०/९८. सगळी दुपार गळती शोधण्यात गेली. काचेच्या सांध्यांवरून कोरडा कागद फिरवला, कोरडाच निघाला. प्लाय कोरडं, फरशी कोरडी. आणि पाणी सहा बोटं खाली. उन्हानं उडत असेल का? एवढं? बाल्कनीत कुंडीतली झाडं बघावीत तर टवटवीत, त्यांचं पाणी काही उडत नाही.

संध्याकाळी न राहवून विचारलं. सूनबाई म्हणाली, माशांच्या दुकानदारानं सांगितलंय, नव्या माशांना सुरुवातीला पाणी कमी ठेवावं, म्हणून ती रोज थोडं काढते. मी असलं कधी ऐकलं नव्हतं. पण लॅबमधली बाई, तिला माहीत असेल. मग मला सांगायला काय झालं होतं? गळती शोधताना कंबर गेली माझी.

बुधवार, २७ मार्च

आज मी फार घाबरलो, आणि यावेळी स्टँडमुळे नाही.

मागच्या डाव्या पायावर माझ्या रेघा आहेत, २२, २३ आणि २५ च्या. आज पाहतो तर २६ चीसुद्धा रेघ आहे. बारीक, सरळ, शेजारी नीट आकडा. काल मी तिथे रेघ मारल्याचं मला अजिबात आठवत नाही. काल तर मी गळतीच्या मागे होतो. पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. आठवत नाही.

गॅसचंही असंच झालं होतं. चालू केल्याचं आठवत नव्हतं.

ही गोष्ट मी कोणाला सांगणार नाही.

एक बरं आहे. २६ पासून आजपर्यंत पट्टी जवळजवळ हललेली नाही. स्क्रूंनी तग धरला असावा. सूनबाईला संध्याकाळी एवढंच म्हटलं, की तू फरशी पुसताना टाकीच्या मागे जाऊ नकोस, तिथे मी पुसतो. ती म्हणाली, तुम्ही कशाला वाकता बाबा, मला सवय आहे.

शुक्रवार, २९ मार्च

आजचं लगेच लिहून टाकतो.

युक्ती अशी होती: पट्टीच्या खाली बरोबर मापाचा उभा तुकडा घालायचा, जमिनीपासून पट्टीपर्यंत. खाली पाचर मारून घट्ट केला की भार लाकडावर येईल, स्क्रू सुटतील, आणि कोणाला कळायच्या आत चारही कोपरे करून टाकायचे. बाराला दोघंही कामावर. आक्का जेवून झोपलेली. मी टाकीमागे शिरलो, तुकडा लावला, पाचर हातोडीनं हळू ठोकली. एक. दोन. पाणी थरथरलं, मासे एकदम एका कोपऱ्यात. तिसऱ्याला लाकूड बोललं. कोरडं, सुकी फांदी मोडावी तसं.

मी हातोडी धरून तसाच बसून राहिलो. किती वेळ ते माहीत नाही.

पाय चिरला होता. केसाची चीर आता खालच्या स्क्रूपासून वीतभर, आणि वर मधल्या स्क्रूपर्यंत गेली होती. पाचर जास्त मारली गेली, पट्टी वर उचलली आणि स्क्रूंनी पाय फाडला. पाचर काढावी तर पट्टी खाली बसणार, ठेवावी तर चीर वाढणार. ठेवली.

बाहेर आलो तर आक्का टक्क जागी. आवाज तिला ऐकू गेला नसणार. तिनं माझ्या हातातली हातोडी पाहिली, मग माझं तोंड.

"लहानपणी खोटं बोललास की तुझे कान लाल व्हायचे," म्हणाली. "अजून होतात."

मी काही बोललो नव्हतो तरी.

शनिवार, ३० मार्च

सगळं क्रमानं लिहितो.

सकाळी पाहिलं, चीर मधल्या स्क्रूच्या वर गेली होती. शनिवारी सूनबाईला दुपारनंतर सुट्टी असते. ती आली, हातपाय धुतले, स्वयंपाकघरात डबे पुसायला लागली. मी दारात जाऊन उभा राहिलो. चिरंजीव यायच्या आधी बोलायचं एवढं ठरवलं होतं, कसं बोलायचं ते ठरलं नव्हतं.

म्हटलं, "सूनबाई, स्टँड चुकलाय."

तिनं डबा खाली ठेवला. "कुठे चुकलाय?"

"सगळाच. भार लाकडावर नाही, स्क्रूंवर आहे. मागचा डावा पाय फाटलाय. काल मी लपून पाचर मारली, त्यानं जास्त फाटला. टाकी आत्ताच्या आत्ता रिकामी करायला हवी."

एवढं एका दमात बोललो आणि भिंतीला टेकलो.

ती म्हणाली, "तिसरा हिस्सा मी काढलाय, बाबा. रोज दोन बादल्या."

माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. मग ती म्हणाली, की मागच्या शनिवारी फरशी पुसताना तिला माझ्या रेघा दिसल्या आणि शेजारच्या तारखा. काय चाललंय ते कळलं. दुसऱ्या दिवशी तिनं पलंग हलवला. दुकानदार वगैरे कोणी काही सांगितलं नव्हतं. मंगळवारी माझी रेघ दिसली नाही तेव्हा तिनं स्वतः मारली.

"ती तू मारलीस?" मी विचारलं. तिला वाटलं मला राग आला. मला काय वाटलं ते मी तिला सांगितलं नाही.

म्हटलं, "मग बोलली का नाहीस?"

"ह्यांना सांगितलं असतं तर ह्यांनी आधी तुमची हत्यारं माळ्यावर टाकली असती आणि मग टाकीकडे बघितलं असतं." ती पदर खोचत उठली. "म्हटलं, तुम्ही सांगाल. उद्यापर्यंत वाट बघणार होते. त्यापुढे नसती बघितली."

आधी आक्काला हलवायचं ठरलं. दोघांनी पलंगाची चाकं सोडली आणि आतल्या खोलीकडे ढकलायला लागलो. आक्का म्हणाली, कुठे नेताय मला, अजून जिवंत आहे मी. सूनबाईनं तिच्या कानाशी जाऊन सांगितलं, पाणी सांडणार आहे. त्यावर आक्का म्हणाली, मग मासे आधी काढा, मी पोहत येईन.

मासे बादल्यांत काढले. काळ्या कल्ल्याचा काही सापडेना, शेवटी वाळूशी मिळाला. न्हाणीघरात नळी सोडली. पाणी उतरायला लागलं आणि मी पायाशी बसून चिरेकडे बघत राहिलो. सूनबाई म्हणाली, मागे व्हा. मी म्हटलं, मला बघायचंय. तिनं माझा दंड धरून मला मागे ओढलं. आजवर तिनं मला हात लावला नव्हता.

पाव टाकी उरली असेल तेव्हा पाय गेला. आवाज मोठा नव्हता. स्क्रू लाकडातून सुटले, पाचर टणकन उडून मी बसलो होतो तिथे फरशीवर आपटली, मागची पट्टी तळहातभर खाली बसली आणि टाकी तिरकी झाली. उरलेलं पाणी सगळं त्या कोपऱ्यात धावलं. टाकी सरकायला निघाली आणि अडली. चारी पायांची वर काढलेली टोकं तिच्या अंगाशी होती. तिरकी, त्यांच्या कवेत, तशीच राहिली. काच फुटली नाही.

आम्ही दोघं हलत नव्हतो. नळी आपलं पाणी ओढत होती.

चिरंजीव सहाला आले. मी सगळं सांगितलं, पुन्हा पहिल्यापासून. ते ओरडले नाहीत. पाय पाहिला, पाचर पाहिली, आक्काच्या पलंगाची आधीची जागा पाहिली. मग म्हणाले, सोमवारी लोखंडी स्टँड करायला टाकतो. आणि माझ्या खोलीकडे वळले.

सूनबाई दारात उभी राहिली. नुसती उभी राहिली. चिरंजीव तिच्याकडे बघून थांबले.

आतून आक्का ओरडली, कोणी मला सांगेल का काय झालंय. तिला ओरडूनच सांगावं लागलं, त्यामुळे माझी चूक वरच्या मजल्यापर्यंत गेली असेल. ऐकून ती म्हणाली, "चूक सापडली कोणाला?"

म्हटलं, बोट वायसरनं ठेवलं. पुढचं सूनबाईनं ओळखलं. लपवली मी.

"मग दोघांनी मिळून कर. एकानं कापायचं, दुसऱ्यानं संशय घ्यायचा," आक्का म्हणाली. "लोखंडवाल्यावर संशय कोण घेणार?"

चिरंजीव पुन्हा त्या फाटलेल्या पायाशी जाऊन वाकले. मग म्हणाले, भरायच्या आधी मी सांगेन तसं तपासायचं.

म्हटलं, हजारदा तपास.

सोमवार, १ एप्रिल

१५२/९०. कालचा दिवस झोपलो.

शुक्रवार, ५ एप्रिल

मागचा पाय नवा. बाकीचं लाकूड धडधाकट आहे. प्रत्येक पट्टीच्या खाली आता उभं लाकूड, जमिनीपासून थेट पट्टीपर्यंत, पट्टी त्याच्या डोक्यावर बसलेली. लांब पट्ट्यांना मधोमधही एकेक. स्क्रू फक्त जागेवर धरायला. चारी पाय वर आलेले तसेच ठेवले.

सूनबाई संध्याकाळी गच्चीवर येते आणि प्रत्येक तुकड्याला विचारते, बाबा, इथून भार कुठे जातो? मी बोटानं दाखवतो. पटलं नाही तर ती तिथेच उभी राहते. काल एक तुकडा सुताएवढा आखूड निघाला. मी म्हटलं, चालेल, खाली पातळ पट्टी सारू. ती म्हणाली, मग तो टेकला कशावर? नवीन कापला. मनात तिला दोन शब्द हासडले आणि नवीन कापला.

रविवार, ७ एप्रिल

आज तपासणी. चिरंजीवांनी इमारतीतली माणसं बोलावली. वजनं विचारून विचारून नऊ जणांना स्टँडवर बसवलं, दाटीवाटीनं, काही मांडीवर. एकटा वायसर पंच्याण्णव किलो. तो म्हणाला, माझं काही झालं तर पेटी नीट करा, अंगाला ठोकू नका. दहा मिनिटं सगळे बसले. चिरंजीव पोटावर झोपून बॅटरीनं खालून बघत होते. उठले तेव्हा शर्ट धुळीनं भरला होता. मला म्हणाले, बाबा, दाखवा, भार कसा उतरतो. मी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. त्यांनीही माझ्या बोटामागे बोट फिरवलं, फरशीपर्यंत.

मग नळी लावली. निम्म्यावर आल्यावर सूनबाईनं नळीवर अंगठा दाबला आणि माझ्याकडे पाहिलं. "वरपर्यंत?"

मी म्हटलं, तुला पटेल तिथपर्यंत.

ती खाली वाकली. एकेक करून सगळ्या उभ्या लाकडांवर हात ठेवून आली, मागच्या बाजूलाही गेली. मग अंगठा काढला. काठाखाली दोन बोटं उरेपर्यंत ती तिथून हलली नाही. मासे सोडले. आक्काचा पलंग तिनं स्वतःच ढकलत आणला. आक्का म्हणाली, जरा अजून पुढे घे, मला त्या काळ्या कल्ल्याच्याशी बोलायचंय.

जेवण झाल्यावर मी टाकीशेजारी खुर्ची घेऊन बसलो. लक्ष ठेवायचं होतं. पाणी स्थिर, लाकूड गप्प. आक्का कसलीशी जुनी गोष्ट सांगत होती.

जाग आली तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. मान आखडली होती. माझ्या अंगावर चादर होती, आणि मला कोणी उठवलं नव्हतं.